अनुभव धागा: लॉ झालं, आता कुठे आहात?

नागपुरात एलएलबी झालेल्यांनो, लिहा. फक्त ‘हायकोर्टात प्रॅक्टिस’ एवढंच नको, दुसऱ्याच्या कामी पडेल असं लिहा: सनदेचं (वकिलीच्या परवान्याचं) साल, रोजचं बसणं कोणत्या कोर्टात, दिवाणी की फौजदारी की सर्व्हिस मॅटर (नोकरीचे वाद), आणि कोणत्या कामासाठी हाक मारलेली चालेल. कॉलेजचं नाव पूर्ण द्या. ‘आंबेडकर लॉ’ म्हटलं की विद्यापीठाचं विधी महाविद्यालय की दीक्षाभूमीचं डॉ. आंबेडकर कॉलेज, हे विचारत बसावं लागतं. वारंग्याच्या एमएनएलयूवाल्यांना (महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ) ही कटकट नाही.

सिव्हिललाइन्सकर
बॅचची यादी शीटवर ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला नंबर चार दिवसांत गुड मॉर्निंगखाली गाडला जातो. शीटमध्ये नावाचे दोन रकाने हवेत: डिग्रीवरचं नाव आणि सनदेवरचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली नाहीतर सापडतच नाहीत. तिसरा रकाना जिल्ह्याचा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात, त्यामुळे वाशीम किंवा गोंदियात आपलं कोण, हे पटकन दिसलं पाहिजे. बदल करायची मुभा दोघांनाच द्या, बाकीच्यांनी फक्त पाहायचं. सगळ्यांना मुभा दिली की कोणीतरी एकच रकाना सॉर्ट करतो आणि याचा नंबर त्याच्या नावापुढे जातो.

बार_रूम
बातमी देताना बार कौन्सिलचा नियम ३६ ध्यानात ठेवा. जाहिरात नाही, आडवळणानेही नाही. ‘रुजू झालो’, ‘चेंबर बदललं’ इतकं पुरे. ‘आज अमुक केसमध्ये जामीन मिळवून दिला, संपर्क साधा’ आणि सोबत काळ्या कोटातला फोटो, ही सरळ जाहिरात झाली. ग्रुप बॅचचा असला तरी स्क्रीनशॉट बाहेर जातोच. पाटीवर ‘माजी न्यायाधीश’ किंवा ‘फौजदारीतज्ज्ञ’ लिहिणंही याच नियमात बसत नाही. ऑर्डरची कॉपी टाकायची हौस असेल तर आधी वाचा. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि नाव खोडूनही गाव आणि नातं राहिलं तर ओळख उघड होतेच.

> इनहाऊस: मग वेबसाइट?
> बार_रूम: २००८ च्या दुरुस्तीपासून चालते. नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र. ‘आमचे यशस्वी निकाल’ नाही.

इनहाऊस
कंपनीत पूर्णवेळ पगारावर लागलात तर नियम ४९ प्रमाणे बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवायची. बरेच जण हे करत नाहीत, आणि नोकरी सोडून परत कोर्टात यायचं म्हटलं की मधल्या वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. दिल्लीला स्थायिक होणाऱ्यांसाठी: सनद हलवायला नव्याने नोंदणी लागत नाही. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम १८ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अर्ज करा, त्याला फी नाही. फक्त एखाददुसऱ्या मॅटरसाठी जात असाल तर हलवायची गरजही नाही.

तारीख_पे_तारीख
बॅचमेटला ‘माझी एक केस बघ ना’ म्हणताना सीएनआर नंबर द्या, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र, सोळा अक्षर-अंकांचा नंबर. नुसता ‘रेग्युलर सिव्हिल सूट १२०’ म्हटलं तर तोच नंबर दरवर्षी प्रत्येक कोर्टात पडतो, आणि समोरचा बिचारा ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या साइटवर) साल बदलून बदलून पाहत बसतो. नक्कल काढायची असेल तर कोणत्या तारखेची ऑर्डर, किती प्रती आणि कशासाठी, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. नकलेचा खर्च आधी पाठवा. मैत्री टिकवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, बाप्पा.

जेएमएफसी
ज्युनियरांसाठी. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने जेएमएफसीसाठी (खालच्या कोर्टातल्या जजच्या पहिल्या पदासाठी) तीन वर्षांची प्रॅक्टिस परत आणली, आणि ती प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) नोंदणीपासून मोजायची. पण तारीख मोजून भागत नाही, दाखला लागतो: दहा वर्षं झालेल्या वकिलाचा, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. सीनियरच्या फाइली उचलत तीन वर्षं गेली आणि वकालतपत्रावर आपलं नाव एकदाही नाही, तर दाखवणार काय? पहिल्या दिवसापासून नाव घालून घ्या, हजेरी रोजनाम्यात आली का ते ई-कोर्ट्सवर बघत जा. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा, द्यायची. त्याला टिपणं नसलेले बेअर अॅक्ट (कायद्याची नुसती पुस्तकं) चालतात. कडेला पेन्सिलने लिहिलेलं पुस्तक दारातच काढून घेतात. आणि कोणी जज झाला की अभिनंदन भरपूर करा, पण चालू केसेसची चर्चा होते त्या ग्रुपमधून त्याला त्याच दिवशी काढा. तो स्वतः म्हणणार नाही.

चांदा_फोर्ट
बॅचची भेट मेच्या सुटीत ठेवा. दिवाळीत सगळे आपापल्या घरी असतात, आणि एरवीच्या शनिवारी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वकिलाला पक्षकार सोडत नाही. जागा सिव्हिल लाइन्सची नको, कोर्ट तिथेच, अर्धे जण ‘जरा कोर्टात डोकावून येतो’ म्हणून पळतात.