प्रति: दुकानभेटी म्हणजे एसीतली सहल?

एमबीएच्या पोरांना शिकण्यासाठी दुकानं दाखवायला नेतात, त्यावर ‘दुकानभेट म्हणजे एसीतली सहल, शेवटी सेल्फी’ असं वर कोणीतरी म्हटलंय ते निम्मं पटलं. पण दोष भेटीचा नाही, वेळेचा आहे. दुपारी बाराला चाळीस पोरं घेऊन गेलात तर दिसणार काय, लावून ठेवलेली रॅक! आमच्या सरांनी एमबीएला असताना पुण्यातल्या एका सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी सकाळी सातला उभं केलं होतं. टेम्पोतून उतरणारा माल चलनाशी (सोबत आलेल्या मालाच्या यादीशी) ताडून बघायचा, फुटकी पाकिटं बाजूला काढायची. नंतर दुधाच्या फ्रिजपाशी. जुनी तारीख पुढे, नवी मागे लावायची, आणि गिऱ्हाईक हमखास मागे हात घालणार (माझी आईसुद्धा तेच करते).

आणखी एक. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं. बऱ्याचशा जागा स्वतःच्या, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते, म्हणून खरेदी स्वस्त. यातलं काहीच रॅकमधून फिरताना दिसत नाही. त्यासाठी आधी वार्षिक अहवाल चाळायला लावा, मग दुकानात न्या. पोरं आपोआप नेमके प्रश्न विचारतात.