सजावटीचा खर्च आणि भुकेल्यांचा घास

"एवढा पैसा सजावटीत घालण्यापेक्षा थेट भुकेल्यांना द्या ना," हा शोहाउसवरचा आक्षेप मनाला भिडला. शोहाउस म्हणजे डिझायनरांनी सजवलेलं घर; ते तिकीट लावून दाखवतात आणि त्यातून फूड बँकेसारख्या, म्हणजे गरजूंना मोफत अन्न पुरवणाऱ्या, संस्थेसाठी निधी उभारतात. पण अमेरिकेत नाताळच्या सुमारास भरणाऱ्या अशा शोहाउसचा हिशेब जरा वेगळा असतो. मालक घर काही दिवस वापरायला देतो, एकेक डिझायनर एकेक खोली घेतो, बहुधा स्वखर्चाने. सोफे, पडद्यांचं कापड, रंग कंपन्या जाहिरात म्हणून पुरवतात. तो पैसा एरवीही जाहिरातीतच गेला असता, फूड बँकेत नाही. संस्थेला मिळतं ते मुख्यतः तिकिटांचं आणि देणग्यांचं. न्यूयॉर्कचं किप्स बे शोहाउस १९७३पासून असाच निधी उभारतंय, तिथे तो मुलांच्या संस्थेला जातो.

मला काळजी वाटते ती वेळेची. नोव्हेंबर-डिसेंबरात देणाऱ्यांची रीघ लागते. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की शाळेतलं मोफत जेवण थांबतं, मुलांचं दुपारचं खाणंही घरावर येतं, आणि नेमक्या तेव्हाच देणग्या आटतात. म्हणून नाताळात जमलेल्या रकमेतला काही भाग जून-जुलैसाठी राखून ठेवायलाच हवा.

आणि तिकिटाबरोबर दान म्हणून डबाबंद खाद्यपदार्थ मागत असतील, तर कृपया त्याऐवजी रोख द्या. घरून येतो तो बरेचदा कपाटात मागे पडलेला भोपळ्याच्या गराचा डबा. फूड बँक घाऊक भावाने दूध, अंडी, ताजी भाजी घेऊ शकते. आयोजकांनी हे प्रवेशद्वारावरच लिहून लावावं, लोक नक्की ऐकतील.