विहीर भरली की हादरे वाढतात का?

पाटणवाला: राम राम मंडळी. गाव कोयनेच्या अंगाला. परवा रात्री पुन्हा हादरा बसला. फळीवरची ताटं वाजली, म्हसरं उठून उभी राहिली, बाकी काही नाही. तात्या म्हणतात, गणपतीच्या सुमाराला विहीर तुडुंब झाली की हे ठरलेलंच. शेजारी म्हणतो, गावात बोअरी मारून जमिनीची चाळण केली म्हणून होतंय. मला उन्हाळ्यात तीनशे फुटांची बोअर घ्यायचीय. खरं कुणाचं?

कराडचा मास्तर: तात्यांची नजर बरोबर आहे, पण विहिरीला दोष देऊ नका. कोयना-वारणा पट्ट्यात पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात, धरणं भरली की हादरे वाढतात; विहीर तेव्हाच भरते, एवढंच. धरणं उतरायला लागली की पुन्हा एकदा वाढतात. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. पुढं वारणेचं धरण भरलं, तसे १९९३ पासून धक्के तिकडंही सरकले.

नुसत्या वजनाचा हा खेळ नाही, दाबाचा आहे. खडकातल्या भेगांमधून पाण्याचा दाब हळूहळू खाली पोचतो. भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या तड्याच्या, दोन्ही बाजू एकमेकींना करकचून धरून असतात, ती पकड त्या दाबानं ढिली पडते. ताण जमिनीचा स्वतःचाच, पाणी फक्त निमित्त. हे सगळं कैक किलोमीटर खाली चालतं. याच पट्ट्यातल्या गोठणे गावाला संशोधनासाठी ३ किलोमीटरचं भोक घेतलं, तिथं काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागायलाच सव्वा किलोमीटर जावं लागलं. तुमचे तीनशे फूट कुठं! उलट हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं याच भागात मुद्दाम बोअरी घेतल्यात, पातळी मोजायला. जवळ मोठा धक्का बसला की त्यातलं पाणी वरखाली होतं.

तासगावकरीण: मास्तर, भरल्यानं हादरे, मग उपसल्यानं नाही होय? आमच्याकडं द्राक्षापायी आठशे फुटांवर गेलेत लोक.

कराडचा मास्तर: ताई, उपशाचंही उदाहरण आहे. स्पेनमध्ये लोर्का गावाला २०११ साली ५.१ चा भूकंप झाला, नऊ माणसं गेली. शेजारच्या खोऱ्यातलं भूजल पन्नासेक वर्षांत अडीचशे मीटर खाली गेलं होतं. जमिनीवरचा भार हलका झाला आणि जवळचा भ्रंश सरकला, असं संशोधकांनी मांडलं. पण ते मैलोगणती गाळाचं खोरं, तेही जिवंत भ्रंशाला खेटून. तुमच्या कातळात पाणी भेगेपुरतं. तासगावात उपशाची भीती धरायची तर बागा वाळायची धरा.

पाटणवाले, बोअर खुशाल घ्या. पाणी लागेल का, ते मात्र मला विचारू नका.