मदत हवी आहे: खान्देशातल्या नव्या जोडप्याने एकांत शोधायचा कुठे? (एकांकिकेसाठी)

नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून कान टवकारू नका, अडचण लेखनाची आहे. आमचा अमळनेरचा ग्रुप दिवाळीनंतर एक हलकीफुलकी एकांकिका बसवतोय. नवीन लग्न, भरलेलं घर आणि दोघांना बोलायलाही जागा नाही, एवढं सूत्र ठरलंय.

विषय सिनेमावाल्यांनी बराच नांगरलाय. राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०), त्यावरूनच बासू चटर्जींनी केलेला 'पिया का घर' (१९७२), अलीकडे 'लव्ह पर स्क्वेअर फूट' (२०१८). 'जरा हटके जरा बचके'त (२०२३) इंदूरचं जोडपं सरकारी घरासाठी खोटा घटस्फोट घ्यायला निघतं. मला विचाराल तर घटस्फोटाच्या भानगडीपेक्षा पहिल्या दोन सिनेमांतली चाळीतली ती कुचंबणा जास्त हसवते. तिथे कोणीच वाईट नसतं, सगळे फक्त घरात असतात!

पण चाळ उचलून अमळनेरला आणली तर कोणाला पटेल? आमच्याकडे घर ऐसपैस, मागे परसही आहे. घोळ उन्हाळ्यात होतो. पारा ४५ च्या आसपास गेला की अख्खी गल्ली अंथरुणं घेऊन गच्चीवर. खोली रिकामी असते, पण आत भट्टी. आणि वर गेलं की एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला शेजारच्यांचा पिंट्या. त्यात अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सून माहेरी. बाहेर भेटावं, तर जळगावचा मेहरूण तलाव असो की धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, कोणीतरी विचारणारच, "तू कोना आंडोर शे रे?" (तू कोणाचा मुलगा रे?)

इथवर लिहून झालंय. पुढे गाडी अडलीय.

१) घराबाहेर पडायला पटेल असं निमित्त काय द्यावं?
२) शेवटी दोघं घरकुलाचा अर्ज भरतात असं डोक्यात आहे. आई-वडिलांचं पक्कं घर असताना लग्न झालेल्या मुलाला तो भरता येतो का? की हेही इंदूरच्या सिनेमाची नक्कल वाटेल?

केळीवाला (रावेर): निमित्त समोर आहे भाऊ. शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला जावंच लागतं. बायको बॅटरी धरायला सोबत. फक्त ऐनवेळी सासरेबुवाही "मी पण येतो, झोप लागत नाहीये" म्हणून चप्पल घालतात.

कागदपत्रे: शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे लग्न झालेला मुलगा वेगळा धरला जातो, पण त्याच्या किंवा बायकोच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. उत्पन्नाची अट आहेच. खेड्यातली योजना वेगळी, तिथलं ग्रामपंचायतीत विचारा. नाटकासाठी सांगतो, खरी गंमत रेशनकार्ड विभक्त करण्यात आहे. मुलगा नुसता कागद मागतो, बापाला वाटतं पोराने वाटणी मागितली.

धागाकर्ता: रावेरकर, सासरेबुवा घेतले! आणि रेशनकार्डाने नकलेचा प्रश्नच मिटला, घटस्फोट गेला खड्ड्यात. आता एकच सांगा, विभक्त कार्डासाठी वडिलांची सही लागते का? लागत असेल तर शेवटचा प्रवेश त्या सहीवरच उभा करतो. आणि आजीचं काम करणारं अमळनेर-पारोळ्याकडे कोणी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, अहिराणी फर्डी हवी.