१९६६चा अली की १९८८चा टायसन? आधी वर्ष, राउंड आणि रेफ्री ठरवा

जॅबवाला, दादर

मुंबईत बॉक्सिंगच्या रिंगपाशी चार जण जमले की मुहम्मद अली जिंकेल की माइक टायसन, हा वाद निघतोच, पण कुठल्या वर्षाचा अली आणि कुठल्या वर्षाचा टायसन हे कुणी सांगत नाही. १९८०मध्ये लॅरी होम्ससमोर दहा राउंड मार खाल्लेला अलीही अलीच. २००२मध्ये लेनॉक्स लुईसने आठव्या राउंडमध्ये झोपवलेला टायसनही टायसनच. म्हणून तारखा धरून मांडतो. नोव्हेंबर १९६६चा अली: वजन सुमारे ९६ किलो, हातांचा पल्ला ७८ इंच. जून १९८८चा टायसन: सुमारे ९९ किलो, पल्ला ७१ इंच. राउंड १५, रिंग २० फुटी.

माझ्या मते अली जिंकतो, अकराव्या-बाराव्या राउंडमध्ये.

टायसनचा हल्ला समोरच्याच्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, उभा असतो. जॅब आला की तो डोकं बाहेरच्या अंगाला काढतो, गुडघे वाकवतो आणि त्याच वाकलेल्या गुडघ्यांच्या जोरावर डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बरगडीत, पाठोपाठ उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा). हे जमायला समोरचा जॅब टाकून जागेवर राहायला हवा. अली जॅब टाकता टाकताच स्वतःच्या डावीकडे सरकतो, म्हणजे टायसनच्या डाव्या हूकपासून लांब. आणि टायसन जवळ पोचलाच, तर अली मानेमागे हात टाकून डोकं खाली दाबतो. मार्च १९८७मध्ये बोनक्रशर स्मिथने नुसत्या मिठ्या मारून टायसनसमोर पूर्ण बारा राउंड काढले होते. मिठीत एक हात मोकळा करून मारत राहणं टायसनला तेव्हाही जमलं नाही.

लालबागचा हूक

दादा, नोव्हेंबर १९६६ निवडलंत म्हणजे क्लीव्हलँड विल्यम्सची लढत. त्या लढतीत अली देखणा दिसतो यात वादच नाही. पण विल्यम्सला १९६४मध्ये पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड निकामी झालं होतं, आतड्याचा मोठा भाग काढावा लागला होता. त्या माणसाला हरवण्यावरून टायसनसमोरचा अंदाज बांधू नका.

आता सरकण्याबद्दल. डावीकडे सरकणारा माणूस डाव्या हूकपासून लांब जातो, बरोबर. पण तो उजव्या हाताच्या दिशेने जातो! अलीचा जुना प्रतिस्पर्धी जो फ्रेझर, त्याचा उजवा हात फारसा धोक्याचा नव्हता, म्हणून अलीचं ते खपून गेलं. टायसनचे दोन्ही हात झोपवणारे आहेत. जानेवारी १९८८ची होम्सची लढत पुन्हा बघा. चौथ्या राउंडला होम्स चवड्यांवर नाचत जॅब टाकायला लागला, अगदी अलीसारखा. त्याच राउंडमध्ये टायसनच्या उजव्या हाताने तो पहिल्यांदा आडवा झाला आणि तिथेच लढत संपली. होम्स तेव्हा ३८ वर्षांचा होता हे मान्य, पण वाट तीच आहे.

दुसरी गोष्ट. अली हात खाली ठेवून कंबरेतून सरळ मागे वाकतो. आपल्याकडच्या पोरांना पहिल्या महिन्यात जी चूक करू नका म्हणून सांगतात, तीच. याच सवयीमुळे १९६३मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हूकने तो बसला, १९७१मध्ये फ्रेझरच्या हूकने पंधराव्या राउंडला पाठीवर पडला. टायसन एक ठोसा मारून थांबत नाही. त्याचा गुरू कस डमॅटोने त्याला शरीराच्या जागांना आकडे देऊन शिकवलं होतं. आकडे पुकारायचे आणि त्या क्रमाने ठोसे टाकायचे. पहिल्या ठोशाला मागे वाकलेल्या माणसाला तिसरा ठोसा सापडतो. निकाल: टायसन, चौथ्या राउंडच्या आत.

परळचा पंच

तुम्ही दोघंही रेफ्रीला विसरलात. मानेमागे हात टाकून डोकं दाबणं हा फाउल आहे. जानेवारी १९७४मध्ये अलीने फ्रेझरला हेच पुन्हा पुन्हा केलं आणि एकही गुण कापला गेला नाही. कडक रेफ्री असेल तर दोन ताकिदींनंतर गुण जाईल आणि अलीची ही ढाल निम्मी होईल. राउंडचंही तसंच. १९८२मध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम लढतीनंतर दगावला, त्यानंतर एकेका संघटनेने १५चे १२ राउंड केले. टायसन किताबासाठी १५ राउंड कधी लढलाच नाही. अली १९६६मध्ये चुवालोविरुद्ध आणि १९६७मध्ये टेरेलविरुद्ध पूर्ण १५ लढला. फरक तीन राउंडांचा, म्हणजे नऊ मिनिटांचा, पण ती शेवटची नऊ मिनिटं.

खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. आयुष्यभर मातीतली कुस्ती, आणि १९४८ला लंडनमध्ये एकदम मॅट, सहावे आले. मॅटची सवय झाल्यावर १९५२ला हेलसिंकीत कांस्य. माणूस तोच, नियम आणि जमीन वेगळी.

(१९७०मध्ये संगणकाने अली-मार्सियानो लढवले, तेव्हा मार्सियानो तेराव्या राउंडला नॉकआउटने जिंकला, ब्रिटनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत मात्र अली जिंकला. असल्या आकडेमोडीवर मी विसंबत नाही.)

वरळी साउथपॉ

१९६६च्या अलीची खरी अडचण टायसन नाही, युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर उसिक आहे. पल्ला अलीएवढाच, ७८ इंच, आणि डावखुरा, म्हणजे उजवा हात आणि उजवं पाऊल पुढे. डावखुऱ्यासमोर दोघांचे पुढचे हात एकमेकांत अडकतात, त्यामुळे अलीचा जॅब निम्मा होतो. ज्याचं पुढचं पाऊल समोरच्याच्या पावलाच्या बाहेर, त्याचा मागचा हात सरळ आत. आणि अलीची डावीकडे सरकायची सवय? उसिकचं पाऊल तिथे आधीच बाहेर असेल, तर अली त्याच्या उजव्या हूकशी चालत जातो. सप्टेंबर १९६६मध्ये डावखुऱ्या मिल्डेनबर्गरने अलीला बाराव्या राउंडपर्यंत झुंजवलं, आणि मिल्डेनबर्गर काही उसिक नव्हे. उसिकने २०२४मध्ये स्वतःहून १५-२५ किलो जड ब्रिटिश बॉक्सर फ्युरीला दोनदा गुणांवर हरवलं. १२ राउंड, गुणांवर उसिक.

जॅबवाला, दादर

विल्यम्सचा मुद्दा मान्य. फेब्रुवारी १९६७चा, टेरेलला हरवणारा अली धरू. उजव्या हाताचाही मुद्दा मान्य, म्हणून अलीला दोन्ही बाजूंना सरकावं लागेल आणि पहिले चार राउंड तो मागेच असेल. पण लालबागकर, टोकियोही बघा. फेब्रुवारी १९९०, बस्टर डग्लस, पल्ला ८३ इंच. जॅब, लगेच सरळ उजवा, मग मिठी, पुन्हा तेच. आठव्या राउंडला स्वतः पडूनही दहाव्याला टायसनला झोपवलं.

लालबागचा हूक

तो १९८८चा टायसन नव्हता! प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढून टाकल्यावर डोकं हलवणं आटलं होतं. टोकियोत त्याच्या कोपऱ्यात सूज दाबायचं थंड लोखंडही नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. तुम्हीच तारखा धरायला सांगितल्यात, मग १९९०चा टायसन मधे आणू नका.

जॅबवाला, दादर

बरं, १९९० सोडलं. ऑगस्ट १९८७, टोनी टकर. रूनी कोपऱ्यात, टायसन २१ वर्षांचा, तरीही उंच टकर जॅब आणि मिठ्यांवर बारा राउंड उभा राहिला. १२ राउंड, १८ फुटी रिंग आणि परळकरांचा कडक रेफ्री असेल तर मी टायसनच्या बाजूने येतो. १५ राउंड आणि २० फूट असतील तर अलीच, फक्त आता अकराव्याऐवजी तेराव्यात.

लालबागचा हूक

सहावा राउंड अलीने पायांवर पार केला तर तेरावा मलाही मान्य. पण १८ फुटांत तो दुसराच पार करत नाही.