उजनीत गळ टाकायला कयाक घ्यायचीय. कोणती घेऊ, अंगावर काय घालू?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आजवर हिप्परग्याच्या तलावाच्या काठावरनं गळ टाकत आलोय. चिलापी लागते, मधनंच एखादा रोहू. पण मोठा मासा कायम आपल्या फेकीच्या पुढं हातभर उडी मारतो की ओ! म्हणून कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची छोटी होडी, घ्यायचं ठरवलंय. जाणार मुख्यतः उजनी धरणावर, रविवारी, एकटाच.

माझं वजन ८६ किलो. गाडी वॅगनआर, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळं हवा भरायची बरी वाटते, घडी करून वर नेता येईल. व्हिडिओत बाहेरच्या देशातले लोक छातीपर्यंतची रबरी विजार, वेटसूट (अंगाला चिकटून बसणारा जाड रबरी पोशाख) असलं काय काय घालून बसलेले दिसतात. ते सगळं लागतं का? पोहायला येतं, विहिरीत शिकलोय.

टर्की टॉवेल:
बाळा, आधी कयाकचं बघू, मग कपड्याचं. कपड्यावर मी जास्त बोलणार, धंदाच तो आहे.

हवा भरायची कयाक वाईट नसते. हल्ली तीन-तीन थरांची येते, तळ फळीसारखा कडक होतो. पण तू उजनीचा काठ नीट बघितलायस का? पार पाण्यापर्यंत वेडी बाभूळ. वाळलेला काटा चिखलात उभा रुतलेला असतो, तो चपलेतनं पायात जातो तिथं कयाकचं काय घेऊन बसलास. बरं, कयाकला दोन-तीन वेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी लगेच बुडत नाही. पण दुपारच्या वाऱ्यात अर्धी पिचकलेली कयाक वल्हवून दाखव मला. शिवाय ऊन. सकाळी गच्च हवा भरून काठावर उन्हात ठेवलीस तर आतली हवा फुगून शिवण उसवते. थोडी ढिली ठेवायची आणि पाण्यात उतरल्यावर परत पंप मारायचा, एवढं सांभाळत असशील तर घे.

माझं मत विचारशील तर कडक प्लास्टिकची, वर बसायची घे. खोक्यात पाय घालून बसायची नको. वर बसायच्या कयाकला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं, आणि उलटली तरी भरत नाही, सरळ करून परत चढता येतं. पाय आत अडकवून गळात फसलेला कटला ओढणं हे नवख्याचं काम नव्हे.

माप: लांबी १० फुटांच्या आसपास, रुंदी ३२ ते ३४ इंच. रुंद कयाक हळू चालते, पण आपल्याला शर्यत लावायची नाही, आडवं वळून मासा काढायचाय. कंपनी जे वजन लिहिते त्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच भरायचं. तू ८६, त्यात गळ, पाणी, डबा, जॅकेट मिळून १५ धर. म्हणजे १५० किलोच्या वरची बघ.

आता तिसरा मजला. ही कयाक २५-३० किलोची असते, जिन्यानं चढवायचा विचारच सोडून दे. आणि नुसतं घरचं बघू नकोस, काठाचंही बघ. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण उणेत, म्हणजे पाणी त्या मृतसाठ्यात गेलं की दिवाळीत जिथं गाडी लावून उतरलास तिथनं पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं, आणि मधे गुडघाभर गाळ. रुंद टायरची दोन चाकांची ढकलगाडी कयाकबरोबरच घे. बारीक चाक गाळात रुततं.

पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात. देवळासारखंच बाकीचंही वर येत असतं, घरांची जोती, विहिरींची कडं, झाडांची खुंटं. आणि वर यायच्या आधी ती वीतभर पाण्याखाली असतात. हवेच्या कयाकला मी नाही म्हणतो त्याचं हेही कारण.

आता कपडे. टॉवेल आम्ही सुताचा का विणतो? पाणी प्यावं म्हणून. तेच सूत अंगावर घालून पाण्यात पडलास तर ते पाणी पिऊन जड होणार, आणि डिसेंबरच्या सकाळी वाऱ्यात अंगाला चिकटून थंडी भरवणार. जीन्स तर नकोच नको. पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिस्टरचा शर्ट, कॉलरवाला, आणि तसलीच ढगळी नायलॉनची पँट. रस्त्यावर दीडशेला मिळणारं टी-शर्टचं पॉलिस्टर नको, त्यातनं ऊन आरपार जातं. कापड उजेडासमोर धर. पलीकडचं दिसलं तर ठेवून दे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४३-४४ अंश म्हणजे नेहमीचंच, पण पाण्यावर खालनंही ऊन येतं. टोपी घातली तरी हनुवटीखाली, नाकपुड्यांना भाजतं. म्हणून मानेपासनं नाकापर्यंत ओढायचा पातळ पट्टा, आणि चौफेर काठाची टोपी, हनुवटीखाली दोरी असलेली. दोरी नसली की पहिल्या झुळकीला टोपी भीमेला अर्पण. चष्मा पोलराइज्ड घे, पाण्यावरची चमक मारतो आणि खुंटंही दिसतात.

रंगाचं एक. माशाला दिसू नये म्हणून हिरवं-करडं घाला म्हणतात. होडीवाल्याला तू दिसणं माशापेक्षा गरजेचं. केशरी नाहीतर पिवळं घाल.

पायात मागनं पट्टा असलेलं सँडल चालतं, पण गाळात तेही ओढलं जातं. जुने लेसचे कॅनव्हास बूट बरे.

ती छातीपर्यंतची विजार मात्र अजिबात नको. ती पाण्यात उभं राहून मासे धरणाऱ्यांची. कयाकवरनं पडलास आणि ती पाण्यानं भरली की पाय हलत नाहीत, वर चढणं तर लांबच. वेटसूट थंड देशातल्या तळ्यांसाठी. तिथं १५ अंशांखालच्या पाण्यात पडलं की आधी श्वासच अडकतो, म्हणून ते लोक हवा कितीही गरम असली तरी पाण्याचं तापमान बघून कपडे घालतात. आपल्याकडं वेटसूट घालून दहा वाजेपर्यंत बसून दाखव, उकडून निघशील.

पाणकोंबडी (पुणे):
काकांशी सहमत. माझ्याकडून थोडी भर.

लाइफ जॅकेट फोमचंच घ्या. ते किती जोरानं तरंगवतं ते न्यूटनमध्ये लिहिलेलं असतं. पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं चालतं, पण तुम्ही एकटे जाणार असाल तर मी १०० न्यूटनचं म्हणेन. ते अंगावर जरा बोजड होतं, पण तोंड वर ठेवायला मदत करतं. घेताना खुर्चीत बसून बघा. पाठीवर खालपर्यंत फोम असेल तर कयाकच्या पाठीला टेकून ते कानापर्यंत वर सरकतं. मासेमारीच्या जॅकेटला पाठीचा फोम वरच्या बाजूलाच असतो. विहिरीतलं पोहणं आणि कपड्यांसकट वाऱ्यातलं पोहणं यात फरक आहे, तेव्हा जॅकेट अंगावर, खुर्चीमागं नाही.

वल्हं: रुंद कयाक आणि उंच खुर्ची असेल तर २४० सेंटिमीटरच्या आसपास. आखूड घेतलंत तर प्रत्येक फटक्याला बोटं कडेवर आपटतात.

नांगर कधीही कडेला बांधू नका. वारा आला की कयाक आडवी होते आणि नांगर तीच कड खाली ओढतो. पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा, आणि दोरी कापायला चाकू जॅकेटवरच ठेवा. पहिल्याच दिवशी गळ घरी ठेवून, कुणाला तरी सोबत घेऊन छातीभर पाण्यात मुद्दाम उलटून बघा. परत चढताना आधी पोट आडवं टाकायचं, पाय मारत राहायचं, मग वळून बसायचं. गुडघा आधी टाकला की ती पुन्हा उलटते.

भीमाकाठी:
मी करमाळ्याकडचा. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या मधे वाऱ्यानं होडी उलटून ६ माणसं गेली, ते विसरू नका. मेमध्ये वळवाचं आभाळ पश्चिमेला काळं दिसलं की मासा लागलेला असला तरी दोर तोडा आणि काठ धरा. एरवीही उन्हाळ्यात सकाळीच या, दुपारनंतर वारा उठतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर येताना तो मागनं असतो.

प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की ती जाळी. त्यावरनं जाऊ नका, त्याला गळ तर अजिबात अडकवू नका, कुणाचं तरी पोट आहे ते. आणि त्या भागात मासेमारीचा ठेका कुणाकडं, गळ टाकलेला चालतो का, हे गावात आधी विचारा. विचारून आलेल्या माणसाला मासा कुठं बसलाय तेही सांगतात.

जुळेसोलापूरकर:
काका, ताई, दादा, लई आभार. मग कडकवालीच. पार्किंगमध्ये ठेवायला चेअरमन तयार होतील वाटतंय. पण वॅगनआरच्या टपावर १० फुटी बसेल का?

टर्की टॉवेल:
बसते. कॅरियरच्या दोन आडव्या दांड्या लागतील, कयाक पालथी टाकायची, पुढच्या-मागच्या टोकाची दोरी बंपरखालच्या हुकाला. पट्टे करकचून आवळून उन्हात गाडी उभी करू नकोस, तापलेलं प्लास्टिक दबून तळाला कायमचा खड्डा पडतो. टेंभुर्णीला चहाला थांबलास की सावली बघ आणि पट्टे हातानं चाचपून घे. पार्किंगमध्ये कुशीवर, भिंतीला टेकून, ऊन लागणार नाही अशी ठेव.

आणि चेअरमनला पहिली चिलापी साफ करून दे. तशीच दिलीस तर दुसऱ्या दिवशी नोटीस लागेल.