टर्की हंटिंगसाठी कोणता कॉल घ्यावा? एप्रिलमध्ये मिझुरीला चाललो आहे

प्रतापनगरवाला
माझे जिजाजी अमेरिकेत मिझुरी राज्यात राहतात, ओझार्क्सच्या डोंगराळ भागाकडे, आणि एप्रिलमध्ये मी तिकडे चाललो आहे तर ते म्हणून राहिले की स्प्रिंग टर्कीचा, म्हणजे त्या मोठ्या रानटी पक्ष्याच्या शिकारीचा सीझन तेव्हाच सुरू होते, तू पण चल सोबत. बंदुकीचं मला काही खास नाही, पण ते कॉल, म्हणजे पक्ष्याचा आवाज काढायचं साधन, वाजवायचं प्रकरण पाहून मी पार येडा झालो, म्हणजे माणूस झाडाला टेकून बसते, लाकडाची डबी घासते आणि जंगलातून खरा पक्षी उत्तर देते! आता ऑनलाइन पाहून राहिलो तर बॉक्स कॉल, पॉट कॉल, तोंडात ठेवायचा डायफ्राम, पुश बटन, नुसता गोंधळ. जिजाजींना विचारलं तर म्हणे कोणताही घे. कोणताही म्हणजे कोणता बाप्पा? नागपुरात बसून थोडी प्रॅक्टिस करता येईल असं काही आहे का? आणि मोबाइलवर आवाज लावून नाही का भागत, हे पण सांगा.

कॅन्ससचा_वऱ्हाडी
पहिले मोबाइलचं. मिझुरीत टर्कीसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल चालत नाही, बाकीच्या बहुतेक राज्यांतही बंदीच आहे. स्पीकर, ॲप, रेकॉर्डिंग सगळं विसर. हातानं नाहीतर तोंडानं.

आता तुझ्यासाठी माझं मत सरळ आहे, पॉट कॉल घे, पाटीच्या दगडाचा, म्हणजे स्लेटवाला. तळहाताएवढी गोल डबी असते, वर स्लेट, काच नाहीतर ॲल्युमिनियमची चकती, खाली भोकं, आणि एक लाकडी काडी जिला स्ट्रायकर म्हणतात. डबी बोटांच्या टोकांवर धरायची, तळहातावर टेकवली की खालची भोकं बंद होऊन आवाज मेला समज. स्ट्रायकर पेनसारखा धरून थोडा तिरपा, टोक उचलायचं नाही, छोटे छोटे अंडाकृती गोल काढायचे, तोच येल्प. ती मादीची साधी हाक. टोक न उचलता एक छोटा झटका दिला की क्लक, आणि अगदी हलक्या हातानं हळू ओढलं की पर्र. एवढे तीन जमले तरी सीझन निघून जाते. स्लेटवर बोट लावू नको, हाताचं तेल लागलं की काडी घसरते, म्हणून मधूनमधून बारीक सँडपेपरनं घासत राहायचं. स्लेटचा आवाज मऊ, जवळच्या पक्ष्यासाठी मस्त. काच आणि ॲल्युमिनियम तीक्ष्ण वाजतात, वारा असेल किंवा लांब आवाज पोचवायचा असेल तर ते.

पण कॉल कोणता यापेक्षा किती वाजवायचा यावर सगळं अडते. निसर्गात नर गॉबल करते, म्हणजे मोठ्यानं ओरडते, पिसारा फुलवून उभा राहते आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादी बनून त्यालाच इकडे बोलावून राहिलो, म्हणजे सगळी रीतच उलटी. म्हणून बरेचदा तो साठ-सत्तर यार्डांवर येऊन थांबते, रुसलेल्या नवरदेवासारखा, मानपान झाल्याशिवाय मांडवात पाय ठेवणार नाही. तेव्हा नवा माणूस घाबरून आणखी जोरात वाजवते, आणि तो तिथंच उभा राहून गॉबल करत बसते, कारण त्याच्या हिशेबानं मादी उत्तर देऊन राहिली म्हणजे येऊनच राहिली. गप बसायचं. पाला थोडा खरडायचा, कोंबडी उकरते तसा. तो शोधायला येते.

बॉक्सकॉल_झिंदाबाद
वरच्या भाऊंचं बाकी सगळं मान्य पण पहिल्यांदा जाणाऱ्याला पॉट कॉल? अहो त्याचा कोन, दाब, काडी सगळं जमवेपर्यंत एप्रिल संपून जाईल. बॉक्स कॉल घे रे भाऊ. लाकडाची लांबट पेटी, वर खिळ्यावर फिरणारं झाकण, झाकण कडेवर घासलं की येल्प. लहान पोरगाही वाजवते. हेन्री गिब्सननं १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि डिझाइन आजही जवळपास तेच आहे, उगाच नाही टिकलं. आवाज लांब जाते हा मोठा फायदा. खडू मात्र लावावा लागते आणि तो तेल-मेण नसलेला पाहिजे, शाळेतला कोणताही उचलून चोळू नको. पाऊस आला की बॉक्स कॉल बेकार, एवढं खरं, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा.

डायफ्रामचा नाद सध्या सोड. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या फ्रेममध्ये ताणलेलं पातळ लेटेक्स असते, टाळूला चिकटवून, जिभेनं दाबून त्यावरून हवा फुंकायची. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून बंदूकवाल्यांना आवडते, पण सुरुवातीला बऱ्याच जणांना ओकारीच येते. आणि तू तर बंदूक धरणारच नाही, मग हात मोकळे ठेवून करशील काय?

कॅन्ससचा_वऱ्हाडी
बॉक्स कॉलची हालचाल मोठी असते हे नाही सांगितलं तुम्ही. टर्कीचं नाक काही कामाचं नाही पण नजर जबर आहे, रंगही दिसतात. पक्षी जवळ आला की हात हलला म्हणजे खेळ खलास. पण ठीक आहे, लांबून बोलवायला बॉक्स आणि जवळ आल्यावर स्लेट, दोन्ही मिळूनही फार महाग नाही पडत.

गोरेवाडा_पक्षीवाला
तिकडे काय करायचं ते करा, तिथं तो कायदेशीर सीझन आहे आणि एकेकाळी संपत आलेला पक्षी त्यांनी पकडून, दुसऱ्या जंगलांत सोडून परत वाढवला. त्यासाठीचा बराच पैसा बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्समधून येते, १९३७ च्या कायद्यानं तो या कामाकडे वळवला, हेही मान्य. पण हा कॉल घेऊन इथं गोरेवाडा नाहीतर सेमिनरी हिल्सला "प्रॅक्टिस" करायला येऊ नका, हात जोडून सांगतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि त्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं सगळं येते. तुम्ही काही मारणार नाही हे मला समजते, पण विणीच्या दिवसांत पक्ष्याला आवाजानं खेचून आणणं म्हणजे त्याला घरटं सोडून धावायला लावणं. फोटोवाले स्पीकरवर कॉल लावतात त्यांच्याशी आमचं रोजचं भांडण आहे.

बाकी आवाजानं पक्षी बोलावणं आपल्याकडे नवीन नाही. विदर्भातले फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून भोवती फासे लावत, आतला ओरडला की रानातला भांडायला येई. तुमच्या टर्कीत मादीच्या नादानं येते, इथं भांडणाच्या. आणि गंमत म्हणजे तिकडे झोपेतल्या टर्कीचा पत्ता काढायला घुबड, कावळा यांच्यासोबत मोराच्या ओरडण्याचेही कॉल विकतात! मोठा अचानक आवाज झाला की नर टर्की आपोआप गॉबल करून बसते. आपले मोरही ढग गडगडले की ओरडतातच की.

प्रतापनगरवाला
गोरेवाडावाले दादा, बाहेर नाही वाजवत, टेन्शन घेऊ नका. घरातच. पण कॉल तर तिथं पोचल्यावरच मिळणार, मग इथं हाताला वळण कसं लावू?

इतवारीचा_जुगाडू
दगडी पाटी आण राजा. आता सगळीकडे प्लास्टिकच्या पाट्या आहेत पण जुन्या स्टेशनरीच्या दुकानात विचारलं तर दगडाची अजून निघते. तिचा गोल तुकडा कापून नारळाच्या अर्ध्या करवंटीवर चिकटव, करवंटीला खाली दोन-तीन भोकं पाड, आणि बाभळीची नाहीतर सागाची काडी घासून टोक गोल कर. खऱ्यासारखा आवाज नाही येणार पण टोक न उचलता गोल फिरवायची सवय होऊन जाईल. दुपारी नको वाजवू फक्त, शेजारचे झोपलेले असतात.

कॅन्ससचा_वऱ्हाडी
हे भारी आहे, चालून जाईल. जुन्या काळी डबीच्या जागी कासवाची पाठसुद्धा वापरत.

दोन गोष्टी अजून, या कॉलपेक्षा महत्त्वाच्या. तू व्हिजिटर व्हिसावर जाशील, तर जिजाजी म्हणाले "धर जरा बंदूक" तरी अमेरिकेतलं हंटिंग लायसन्स खिशात असल्याशिवाय हात लावू नको, फेडरल कायद्यात व्हिजिटरसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना मनाई आहे आणि लायसन्स हा त्यातला अपवाद. काही राज्यांत नुसता कॉल वाजवणाऱ्यालाही लायसन्स लागते, म्हणून मिझुरीच्या कन्झर्वेशन डिपार्टमेंटचे नियम जिजाजींकडून आधीच पाहून घे.

दुसरं, लाल, पांढरं, निळं काहीच घालू नको, रुमाल नाही, मोजे नाही. नराचं डोकं याच रंगांचं असते आणि झुडपात तेवढाच रंग हलताना दिसला तर दुसरा शिकारी नेम धरू शकते. पाठीमागं खांद्यांपेक्षा रुंद झाड पाहून बस. कोणी माणूस तुझ्याकडे येताना दिसला तर हात हलवायचा नाही, कॉल तर अजिबात वाजवायचा नाही, मोठ्यानं माणसासारखं ओरडायचं. आणि नराचा गॉबल काढणारे जे कॉल मिळतात ते सार्वजनिक जंगलात वाजवू नको, त्या आवाजाकडे बंदूकवाले चालत येतात.

प्रतापनगरवाला
बापरे, हे जिजाजींनी काहीच नाही सांगितलं. लायसन्सचं आजच विचारतो. करवंटी आईनं बाजूला काढून ठेवली आहे, पाटी पाहायला उद्या महाल भागात चक्कर मारतो. सँडपेपर किती नंबरचा घेऊ?

इतवारीचा_जुगाडू
बारीकच घे, दोनशेच्या वरचा. एकाच दिशेनं घास.